ह्यूज इस्पात ते टाटा : एका टेलिफोन कंपनीचा इतिहास, पेण-रोह्याच्या बाजूने

पेण तालुक्यात डोलवीचा कारखाना कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वडखळजवळ, धरमतरच्या खाडीला लागून इस्पात समूहाने तो उभा केला आणि तालुक्यातल्या नोकऱ्या, जमिनींचे भाव, घरभाडी, रस्त्यावरचे ट्रेलर या सगळ्यांवर त्याची छाप पडली. याच समूहाने १९९५ साली ह्यूज या अमेरिकन कंपनीला सोबत घेऊन आणखी एक कंपनी काढली होती. तिचे नाव ह्यूज इस्पात लिमिटेड. तिचा माल पोलाद नव्हता, टेलिफोन होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र आणि गोव्यात घरोघर टेलिफोनची लाइन देण्याचा परवाना मिळालेली ही पहिली खासगी कंपनी. पुढे तिचे नाव दोनदा बदलले, मालकी बदलली, आणि आज ती टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) लिमिटेड या नावाने शेअर बाजारात आहे.

या स्मरणिकेत तिचा इतिहास सविस्तर यावा याचे कारण केवळ डोलवीचे नाते नव्हे. परवाना साऱ्या राज्याचा होता, पण केबल गेली ती गिऱ्हाईक दाट असलेल्या भागात. पेण, रोहा, माणगाव, महाड यांच्या वाट्याला परवाना आला, केबल आली नाही. आली तीही फार उशिरा आणि दुसऱ्याच वाटांनी. कंपनी विकली गेली तेव्हा मोल झाले ते जमिनीत पुरलेल्या केबलचे आणि परवान्याच्या कागदाचे. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही.

१९९५ पूर्वीचे दिवस आठवणारी माणसे पेण-रोह्यात अजून आहेत. त्या काळी देशात शंभर माणसांमागे जेमतेम एक फोन होता. अर्ज भरायचा, अनामत भरायची आणि वेटिंग लिस्टमध्ये नंबर कधी लागतो याची वाट पाहायची. पैसे आधी भरून नंबर लवकर मिळवण्याची 'ओवायटी' नावाची योजना होती, तिच्यातही वर्षे जात. पेणच्या गणपती कारखानदाराला मुंबईच्या व्यापाऱ्याशी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून बसावे लागे. घाईचे असेल तर लाइटनिंग कॉल, दर आठपट. एसटीडी आल्यावर पेणचा कोड ०२१४३ आणि रोह्याचा ०२१९४ हे आकडे दुकानांच्या पाट्यांवर चढले आणि बाजारपेठेत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ उघडले. रात्री दर उतरले की त्या बूथांपुढे रांग लागे. हे दोन कोड पुढे याच कंपनीच्या वाटेत आडवे आले, ते ओघात येईलच.

खासगी कंपनीने टेलिफोन चालवणे मुंबईला नवे नव्हते. १८८२ साली मुंबईत पहिले एक्स्चेंज सुरू झाले ते खासगी कंपनीचेच, आणि बॉम्बे टेलिफोन कंपनी सरकारने ताब्यात घेतली ती १९४३ मध्ये. त्यानंतर अर्धशतक फोन म्हणजे सरकारी खाते. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीपुरते महानगर टेलिफोन निगम वेगळे झाले, बाकी राज्य खात्याकडेच राहिले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने ही मक्तेदारी मोडली. प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एकेका राज्याएवढ्या दूरसंचार विभागात, सरकारी सेवेच्या जोडीला एक खासगी कंपनी, असे ठरले आणि १९९५ मध्ये निविदा उघडल्या.

त्या निविदांनी साऱ्या देशाचे डोळे विस्फारले. हिमाचल फ्युचरिस्टिक या तुलनेने लहान कंपनीने नऊ सर्कलसाठी मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपयांची बोली लावली होती. एवढा पैसा येणार कुठून, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. सरकारने मग एका कंपनीला किती सर्कल घेता येतील यावर मर्यादा घातली, पुन्हा निविदा काढल्या, काही सर्कलना कोणी विचारलेही नाही. या गदारोळातून प्रत्यक्ष परवाना घेऊन उभ्या राहिल्या त्या फक्त सहा कंपन्या: मध्य प्रदेशात भारती, आंध्रात टाटा, गुजरातेत रिलायन्स, राजस्थानात श्याम, पंजाबात एस्सार आणि महाराष्ट्रात ह्यूज इस्पात. तिच्या वाट्याला आलेले सर्कल मुंबई आणि गोव्यासह होते, म्हणजे देशातले सर्वांत कमाईचे, आणि म्हणूनच सर्वांत महागडे. परवाना १९९७ मध्ये हाती आला. त्याच वर्षी 'ट्राय' ही नियामक संस्थाही स्थापन झाली. भारतीने जून १९९८ मध्ये इंदूरला देशातला पहिला खासगी लँडलाइन फोन सुरू केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्यूज इस्पातची सेवा मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात सुरू झाली.

इथे थोडे थांबून कामाकडे पाहिले पाहिजे, कारण कंपनीची खरी पुंजी तेच काम होते. जुन्या खात्याची तांब्याची जाडजूड केबल फुटपाथखाली होतीच. नव्या कंपनीने तिच्याशी स्पर्धा करायची तर तांबे टाकण्यात अर्थ नव्हता. तिने काचेची फायबर टाकली. काम सुरू होते परवानगीपासून. महापालिका, सिडको, एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे, प्रत्येकाची वेगळी परवानगी, वेगळे शुल्क आणि रस्ता पूर्ववत करून देण्याची हमी. मग खोदाई. टेलिफोन खात्याच्या मापाप्रमाणे चर १६५ सेंटिमीटर खोल हवा. त्यात एचडीपीईचा पाइप म्हणजे डक्ट टाकायचा, वर वाळू-माती भरायची, ठरावीक अंतरावर चेंबर बांधायचा. नंतर कॉम्प्रेसर लावून हवेच्या दाबाने केबल डक्टमधून पुढे फुंकत न्यायची. रस्ता फोडता येत नसेल तिथे आडवे छिद्र पाडणारे यंत्र आणायचे.

खरी कसोटी जॉइंटची. केबल एका ड्रममध्ये ठरावीक लांबीचीच येते, म्हणून दर काही किलोमीटरवर दोन टोके जोडावी लागतात. प्रत्येक फायबरला रंग असतो आणि रंगांचा क्रम ठरलेला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिका निळा. तेराव्या फायबरपासून तोच क्रम पुन्हा. जॉइंट मारणारा तंत्रज्ञ गाडीत किंवा रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसतो. फायबरवरचे रंगीत आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडतो. उरलेली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाएवढी. तिच्यातला प्रकाश वाहणारा गाभा त्याहूनही बारीक, नऊ मायक्रॉनच्या आसपास. दोन टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर धरली जातात, विजेची ठिणगी पडते, काच वितळून एकजीव होते. वर गरम करून स्लीव्ह बसवायची आणि मशीन सांगते ती घट बघायची. डेसिबलच्या शंभराव्या हिश्श्यांत ती बसली नाही तर तोडायचे आणि पुन्हा जोडायचे. धुळीचा एक कण सगळे बिघडवतो. शेवटी ओटीडीआर हे तपासणी यंत्र लावून साऱ्या लांबीचा आलेख काढायचा. कुठे वाक पडला, कुठे जॉइंट कच्चा राहिला, हे त्यावर मीटरच्या हिशेबात दिसते. या कामाला चकाकी नाही. वार्षिक अहवालांत त्याची नोंद 'मार्गिकेची लांबी' एवढीच होते, पण कंपनी उभी राहिली ती या हातांवर.

गिऱ्हाईक कोण होते? मुख्यतः कचेऱ्या. नरिमन पॉइंट, अंधेरी, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, नवी मुंबईतली औद्योगिक वसाहत, पुणे. एका इमारतीत शे-दोनशे लाइन, आयएसडीएन, लीज्ड लाइन अशी मागणी असेल तर तिथवर फायबर नेणे परवडत असे. घरगुती फोनसाठी अर्धा किलोमीटर चर खणणे परवडत नसे. हिशेब सरळ होता आणि खासगी भांडवलाकडून वेगळ्या हिशेबाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरले असते. मात्र परवान्यात खेड्यांतले सार्वजनिक फोन देण्याची अट होती, ती अट कंपन्यांनी मान्य करूनच परवाने घेतले होते, आणि देशभरातल्या त्या सहाही कंपन्यांकडून कबूल केलेल्या ग्रामीण फोनांचा मोठा हिस्सा मुदतीत बाकीच राहिला. हे नोंदवलेच पाहिजे. रायगडच्या खारेपाटातल्या गावाला किंवा कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या आदिवासी वाडीला या परवान्याने फोन मिळाला नाही. तिथे शेवटी पोचले ते खातेच, म्हणजे १ ऑक्टोबर २००० पासूनचे बीएसएनएल.

आणि तरीही पेण-रोहा फायबरच्या नकाशाबाहेर नव्हते. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाडवरून जातो; दक्षिणेकडे जाणाऱ्या केबलला महामार्गाची कड हीच सोयीची वाट. दुसरी वाट रेल्वेची. रोहा हे मध्य रेल्वेचे शेवटचे टोक आणि कोकण रेल्वेची सुरुवात. इथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. रुळांलगत फायबर टाकून ती क्षमता टेलिकॉम कंपन्यांना भाड्याने देता येते हे रेल्वेच्या लक्षात आले आणि सप्टेंबर २००० मध्ये रेलटेल ही कंपनीच स्थापन झाली. कोकण रेल्वेनेही आपल्या मार्गावर फायबर टाकली. दोन महानगरांमधला प्रकाश आपल्या स्टेशनावरून जातो आणि आपल्या गल्लीत मात्र उतरत नाही, ही रोह्याची कित्येक वर्षांची स्थिती होती. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यांना, नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल्स संकुलाला आणि डोलवीला दर्जेदार लाइनची गरज नव्वदच्या दशकापासूनच होती. मागणी होती, पण विखुरलेली. मुंबईत एका इमारतीत मिळणारी गिऱ्हाइके इथे तीस-चाळीस किलोमीटरवर पसरलेली.

कंपनीचे दिवस बरे जावेत अशी परिस्थिती १९९९ मध्ये आली. मोठ्या बोलींचे ठरावीक परवाना शुल्क भरता भरता सगळ्याच कंपन्यांच्या नाकी नऊ आले होते. नव्या दूरसंचार धोरणाने ते शुल्क रद्द करून उत्पन्नातला वाटा द्यायची पद्धत आणली. माझ्या मते ही सवलत मिळाली नसती तर महाराष्ट्रातला हा प्रयोग तिथेच संपला असता. २००० मध्ये कंपनीचे नाव ह्यूज टेलिडॉटकॉम (इंडिया) लिमिटेड झाले. 'डॉटकॉम'चे वारे होते, नावातही ते शिरले. त्याच वर्षी तिचे समभाग जनतेला विक्रीस आले. तोवर अमेरिकेत हवा पालटू लागली होती. तिकडे १९९६ च्या कायद्याने जुन्या कंपन्यांशी स्पर्धा करायला शेकडो नव्या टेलिफोन कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी कर्जे काढून शहरोशहरी फायबर पुरली होती, आणि २००१-०२ मध्ये त्या एकामागून एक कोसळल्या. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली. फायबर भरपूर, गिऱ्हाईक थोडे आणि व्याज रोजचे, हाच तिथला रोग होता.

इकडेही दोन्ही प्रवर्तकांना पैसा आवळावा लागत होता. ह्यूजची पालक कंपनी जनरल मोटर्स तिला विकायच्या खटपटीत होती. इस्पातचा डोलवी प्रकल्प मोठ्या कर्जावर उभा होता आणि २००१ च्या सुमारास जगभर पोलादाचे भाव पडले होते. टेलिफोनच्या धंद्यात दरवर्षी पैसा ओतावा लागतो. तो ओतणारा आता दुसरा कोणी हवा होता.

तो टाटा समूह निघाला. आंध्रात सेवा चालवणाऱ्या टाटांना मुंबईशिवाय देशव्यापी जाळे उभारणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी विदेश संचार निगमचा २५ टक्के हिस्सा १,४३९ कोटी रुपयांना घेतला, म्हणजे समुद्रातल्या केबलचे दार हाती आले. मुंबईच्या रस्त्यांखालची फायबर हवी होती, ती ह्यूजकडे होती. २००२ संपता संपता ह्यूज टेलिडॉटकॉमची सूत्रे टाटा टेलिसर्व्हिसेसकडे गेली आणि २००३ मध्ये कंपनीला आजचे नाव मिळाले. योगायोग असा की त्याच २००२ मध्ये नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल्स संकुलाची मालक आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. एका वर्षात या पट्ट्याशी संबंध असलेल्या दोन कंपन्यांचे मालक बदलले.

टाटांच्या हाती आल्यावर कंपनी पहिल्यांदा तालुक्यांकडे वळली, पण केबलने नव्हे, मनोऱ्याने. जानेवारी २००१ मध्ये सरकारने लँडलाइन कंपन्यांना 'मर्यादित फिरता फोन' देण्याची मुभा दिली होती. मर्यादा कसली? एका एसटीडी कोडच्या हद्दीची. म्हणजे ०२१४३ मध्ये घेतलेला फोन नियमाने पेणच्या हद्दीतच चालणार, रोह्याच्या ०२१९४ मध्ये शिरला की मुका. ज्याचा मुलगा धाटावला कामाला आणि घर पेणला, त्याला असल्या फोनचा काय उपयोग! मोबाइल कंपन्यांनी या सेवेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, भांडण तीन वर्षे चालले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आल्यावर कोडची भिंत पडली. टाटा इंडिकॉम या नावाने मिळणारा कंपनीचा फोन मग सीडीएमए तंत्राचा पुरता मोबाइल झाला. त्या काळात राज्यातल्या लहान गावांत वाणी, दवाखाने, एसटी स्टँडलगतच्या टपऱ्या अशा ठिकाणी 'वॉकी' दिसू लागले: दिसायला साधा टेबलावरचा फोन, पण मागे वायर नाही, वर छोटी अँटेना. ज्यांचा नंबर वेटिंग लिस्टमध्ये वर्षानुवर्षे अडकला होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातला पहिला फोन तोच होता. खासगी परवान्याचा ग्रामीण महाराष्ट्राला झालेला पहिला मोठा लाभ मी यालाच मानतो.

पुढची पंधरा वर्षे मोबाइलच्या लढाईत गेली, आणि ती कहाणी देशभर सारखीच आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम आली, मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, दर कोसळले. २००८ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के हिस्सा घ्यायचे ठरवले. २००९ च्या जूनमध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि सगळ्यांना त्याच वाटेने जावे लागले. गिऱ्हाइकाचे भले झाले, कंपनीचा तोटा वाढत गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर निभाव लागणे कठीण झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये टाटांनी घरगुती मोबाइलचा धंदा भारती एअरटेलला द्यायचे जाहीर केले आणि १ जुलै २०१९ ला तो गेला. १९९८ मध्येच, काही महिने आधी इंदूरला सुरुवात केलेल्या भारतीकडे महाराष्ट्राचा हा धंदा गेला, हाही या सहा कंपन्यांच्या इतिहासातला लक्षात ठेवण्याजोगा भाग. भागधारकांना काय मिळाले, तेही सांगायला हवे: टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र)च्या २,०१४ समभागांमागे एअरटेलचा १ समभाग. २००० साली 'डॉटकॉम'च्या भरात शेअर घेऊन वीस वर्षे सांभाळणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांना हा आकडा फार बोचला.

डोलवीच्या कारखान्याचीही पाटी तोवर बदलली होती. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने इस्पात इंडस्ट्रीज घेतली आणि आज तिथे वर्षाला १ कोटी टन पोलादाची क्षमता आहे. ज्या नावाने टेलिफोन कंपनी सुरू झाली त्या ह्यूज आणि इस्पात या दोन्ही नावांपैकी एकही आता या पट्ट्यात उरलेले नाही.

एअरटेलला मोबाइल गेला, पण फायबर कंपनीकडेच राहिली. हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वीस वर्षांत मनोरे, हँडसेट, ब्रँड, जाहिराती, जपानी भागीदार, सगळे आले आणि गेले. कंपनी पुन्हा तिच्या पहिल्या धंद्यावर आली. आज ती कचेऱ्या आणि उद्योगांना इंटरनेट, लीज्ड लाइन, फोन व क्लाउडची सेवा देते. नोंदणीकृत कार्यालय तुर्भ्याच्या एमआयडीसीत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 'एजीआर' म्हणजे समायोजित ढोबळ महसुलावरच्या निकालाने जुन्या परवान्यांच्या थकबाकीचे ओझे पुन्हा अंगावर आले, आणि टाटा समूहाचे पाठबळ नसते तर ते पेलवले नसते.

पेण-रोह्यात आज फायबर आहे. बीएसएनएलची आहे, जिओ-एअरटेलची आहे, गावातल्या केबलवाल्यांनी विजेच्या खांबांवरून ओढलेली आहे, आणि भारतनेट या सरकारी योजनेची ग्रामपंचायतींपर्यंत आणलेली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडातले खांब आडवे झाले, मनोऱ्यांची वीज गेली, आणि खांबांवर टांगलेली केबल आणि जमिनीत पुरलेली केबल यांतला फरक सगळ्या जिल्ह्याने अनुभवला. महामार्गाच्या चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर पट्टा वर्षानुवर्षे खणला जात राहिला आणि पुरलेल्या केबलही जेसीबीच्या दातांखाली आल्या. पाण्याच्या पाइपसाठी खणणाऱ्याला खाली कोणाची केबल आहे हे ठाऊक नसते, आणि केबलवाल्याला खोदाईची खबर नसते. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले आहे. खणणाऱ्याने त्यावर जागा नोंदवली की तिथल्या केबल-पाइपच्या मालकांना सूचना जाते. पेण आणि रोहा नगरपालिकांनी आणि महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी खोदाईच्या प्रत्येक परवानगीत ही नोंद सक्तीची करावी.